नेरळच्या बाजारातील खुराकाचे दुकान : कष्टाच्या घोड्यांच्या दृष्टीने

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात आणि तिथून पुढे पर्यटकांना व सामानाला वाहून नेणाऱ्या घोड्यांवर आमची घरे चालतात. या घोड्यांचा दाणा मी नेरळच्या बाजारातील एका दुकानातून घेतो.

या दुकानाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पोते तोलण्याआधी दुकानदार घोड्याचे वजन आणि काम विचारतात. साधारण ३०० किलोच्या घोड्याला नुसते उभे राहून जगायला दिवसाला सुमारे १० मेगाकॅलरी ऊर्जा लागते. मध्यम कष्टाला त्याच्या १.४ पट, म्हणजे १४ मेगाकॅलरी, आणि भारी कष्टाला १.६ पट. बेताच्या प्रतीचे सहा किलो वाळले गवत जेमतेम पहिल्या दहाची भरपाई करते. उरलेल्या चारसाठी सव्वा ते दीड किलो ओट पुरतो आणि तोही एकदम न देता दोन-तीन तोबऱ्यांत विभागून द्यावा लागतो, कारण घोड्याचे पोट लहान असते आणि न पचलेला पिष्टमय दाणा आतड्यात पुढे सरकला की पोटशूळ आणि खुरांची सूज ओढवते. हा हिशेब दुकानदार स्वतः करून देतात आणि डब्याने न मापता काट्यावर तोलायला सांगतात. एका डब्यात कोंडा आणि मका यांचे वजन किती वेगळे भरते, हे पाहिल्यावर त्याचे कारण कळते.

ओट चांगला असतो. मूठभर दाणे तळहातावर चोळले तर धूळ लागत नाही आणि फुंकर मारली तरी फोलपटे फारशी उडत नाहीत. चण्याचा भरडाही ताजा असतो.

तयार गोळी-खुराकाच्या पोत्यांबाबत मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. त्यांवर प्रथिनांचे प्रमाण ठळक छापलेले असते, पण एका किलोतून ऊर्जा किती मिळते हे कुठेच लिहिलेले नसते. चढावर दमून बरगड्या दिसू लागलेल्या घोड्याला आधी ऊर्जा कमी पडत असते, आणि नेमका तोच आकडा गाळलेला असेल तर पोते कशाच्या भरवशावर घ्यायचे? शिवाय गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असते. कोंडा रोज भरपूर घातल्यास हाडे कमकुवत होतात. तरीही इथे कोंडा सढळ हाताने विकला जातो आणि कॅल्शियमसाठी सोबत द्यायची चुनखडीची भुकटी ठेवलीच जात नाही. ती ठेवावी, अशी माझी दुकानदारांना विनंती आहे.

पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावते आणि घोडे बांधून राहतात, तेव्हा गवत तसेच ठेवून दाणा कमी करण्याचा त्यांचा सल्ला योग्यच आहे. मात्र त्या दिवसांत गोदामातील खालच्या थराच्या पोत्यांना ओल लागते, म्हणून पोते उघडून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बुरशीचा दाणा घोड्याला थोडासाही चालत नाही.