फंकचा पहिला अल्बम कोणता घ्यावा: ‘मॅगॉट ब्रेन’ की ‘मदरशिप कनेक्शन’?

अमेरिकी संगीतकार जॉर्ज क्लिंटन यांच्या दोन बँडपैकी कोणत्या बँडपासून फंक, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे तालप्रधान संगीत, ऐकायला सुरुवात करावी, असा विचार करणाऱ्यापुढे शेवटी दोनच अल्बम उरतात: फंकाडेलिकचा १९७१चा ‘मॅगॉट ब्रेन’ आणि पार्लमेंटचा १९७५च्या अखेरीस आलेला ‘मदरशिप कनेक्शन’. दोन्हींत सात-सात रचना आहेत, दोन्ही चाळीस मिनिटांच्या आत संपतात, दोन्हींचे निर्माते क्लिंटनच आहेत आणि बर्नी वॉरेल यांचे कीबोर्डही दोन्हींत आहेत; तरीही एक ऐकून दुसऱ्याचा अंदाज येत नाही.

‘मॅगॉट ब्रेन’ हा गिटारचा अल्बम आहे. दहा मिनिटांची शीर्षक रचना म्हणजे विशीतल्या एडी हेझल यांचे सलग गिटारवादन. आई गेल्याची बातमी नुकतीच कानावर आली आहे असे समजून वाजव, असे क्लिंटन यांनी त्यांना सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे मिक्सिंग करताना क्लिंटन यांनी इतर वाद्यांचा आवाज जवळजवळ काढून टाकला आणि हेझल यांचा विलाप एकटा उरला. त्याच्या लगेच पुढचे ‘कॅन यू गेट टु दॅट’ चर्चमधल्या समूहगायनाच्या अंगाने जाते, तर ‘सुपर स्टुपिड’ सरळ हार्ड रॉक आहे. नऊ मिनिटांहून लांबलेली शेवटची रचना मात्र नाना आवाजांच्या गर्दीत भरकटते, असे माझे मत आहे.

‘मदरशिप कनेक्शन’मध्ये सगळा कारभार तालाचा आहे. बेसवादक बूट्सी कॉलिन्स, सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर आणि ट्रॉम्बोनवादक फ्रेड वेस्ली हे तिघेही फंक गायक जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातून आलेले, आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सर्वांनी एकत्र जोर द्यायचा, ही तिथली शिस्त त्यांच्या हाडीमाशी भिनलेली होती. आपल्याकडे समेवर येण्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे, त्याला ही मात्रा शोधावी लागणार नाही. अल्बमची कल्पनाही मोठी आहे: कृष्णवर्णीय माणूस ज्या अंतराळात कुणी कल्पिला नव्हता, तिथे क्लिंटन त्याला यानात बसवून नेतात, आणि शीर्षकगीतात गुलामीच्या काळातील भक्तिगीतांमधला स्वर्गीय रथ या यानाशी जोडतात. मला हे या अल्बमचे मर्म वाटते. याच गीताचा वापर रॅपर डॉ. ड्रे यांनी १९९२च्या ‘द क्रॉनिक’ या अल्बममध्ये केला, म्हणून हिप-हॉप ऐकणाऱ्याला ते ओळखीचे वाटेल. ‘गिव्ह अप द फंक’ हे पार्लमेंटचे सर्वांत गाजलेले गाणेही इथलेच.

ज्याला फंक समजून घ्यायचे आहे, त्याने ‘मदरशिप कनेक्शन’ घ्यावा, कारण ‘मॅगॉट ब्रेन’ची सर्वोत्तम दहा मिनिटे तालाच्या आधाराशिवायच उभी आहेत आणि त्यांवरून फंकची ओळख होत नाही. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या गिटारवर ज्याचा कान घडला आहे, त्याने हा क्रम खुशाल उलटा करावा. मात्र ‘मॅगॉट ब्रेन’ हेडफोन लावून, शीर्षक रचना मध्ये न थांबवता ऐकावा. ‘मदरशिप कनेक्शन’साठी बेस नीट पोहोचवणारे मोठे स्पीकर हवेत, कारण मोबाइलच्या स्पीकरवर बूट्सी यांचे निम्मे काम ऐकूच येत नाही.