एकाच गाडीचे तीन वेग: जीपीएस-ओबीडी एचयूडीचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत गाडीत बसवलेले एचयूडी, म्हणजे वेगाचा आकडा चालकासमोरच्या काचेवर उमटवणारे छोटे यंत्र, आता एक संपूर्ण पावसाळा काढून झाले आहे. हेच यंत्र निवडण्याचे कारण असे की, ते जीपीएसवरही चालते आणि गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठी दिलेल्या जोडणीला, जोडूनही चालते, आणि एक कळ दाबली की एका पद्धतीवरून दुसरीवर जाता येते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्ड, ओबीडी आणि जीपीएस यांचे तीन निरनिराळे आकडे दिसू लागले आणि यातला खरा कोणता, हे घरातले सगळेच विचारू लागले.

याचा पडताळा घ्यायला अटल सेतूइतकी सोयीची जागा आसपास नाही, कारण तिथे डोक्यावर मोकळे आकाश असते आणि वेग बराच वेळ एकसारखा ठेवता येतो. वेग आपोआप स्थिर ठेवणारे क्रूझ कंट्रोल लावून डॅशबोर्डवर 85 धरले, तेव्हा ओबीडीवर 82 आणि जीपीएसवर 80 दिसत होते. पुढे आकडे एखाद्याने इकडेतिकडे झाले, परंतु त्यांचा क्रम मात्र कधीच बदलला नाही.

डॅशबोर्डचा आकडा सर्वांत मोठा असतो, तो बिघाडामुळे नव्हे, तर मुद्दाम तसा ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील नियम क्रमांक 39 सांगतो की, स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवला तरी तो फरक प्रत्यक्ष वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर यापलीकडे जाऊ नये. या हिशेबाने खऱ्या 80 ला 92 पर्यंतचा आकडा नियमात बसतो. टायर नवा असो वा झिजलेला, हवा कमी असो वा जास्त, आकडा खऱ्याच्या खाली घसरू नये म्हणून उत्पादक तो थोडा चढाच ठेवतात. ही वाढ सहसा फक्त वेगाच्या आकड्याला दिलेली असते, ओडोमीटरच्या किलोमीटरना नाही.

ओबीडीवरचा आकडा गाडीच्या संगणकाकडून, ही वाढ न धरता, पूर्णांकात येतो, आणि त्याचे मूळ चाकाजवळच्या सेन्सरमध्ये असते. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाके जागच्या जागी अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, बसवलेला हा सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय कड्याचे ठोके मोजतो. त्याला रस्ता दिसत नाही, फक्त चाकाचे फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हे संगणकात आधीच भरून ठेवलेले असते. माझ्या गाडीच्या 185/65 आर 15 टायरचा नवेपणी परीघ सुमारे 1.95 मीटर भरतो. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते आणि ती 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली की व्यास जवळजवळ 13 मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी, घटतो. तेवढेच अंतर कापायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि आकडा फुगतो. पावसाळ्यापूर्वी चारही टायर बदलले, तेव्हा हे डोळ्यांनी पाहता आले: जीपीएसच्या 80 ला ओबीडीही 80 वर आले आणि डॅशबोर्ड 83 वर. त्या बदललेल्या टायरांचे आयुष्य संपत आले होते, हे ओबीडी आणि जीपीएसमधला फरक आधीपासूनच सांगत होता, असे म्हणायला हरकत नाही.

जीपीएसला टायरशी काहीच देणेघेणे नसते. उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारितेत गाडीच्या गतीमुळे पडणारा सूक्ष्म फरक, म्हणजे डॉप्लर परिणाम, मोजून तो वेग काढतो, म्हणून मोकळ्या जागी आणि स्थिर वेगात त्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवावा. मात्र माजिवड्याला उड्डाणपुलाच्या खालून जाताना किंवा घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधून आकडा कधी अडकतो, कधी उगाच उडी मारतो, आणि द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात तर तो गोठूनच जातो. करकचून ब्रेक लावला की गाडी जवळजवळ थांबलेली असते आणि काचेवर अजून 20 दिसत असतात; आकडा स्थिर दिसावा म्हणून यंत्र मागच्या काही क्षणांची सरासरी धरते, त्याचा हा परिणाम असावा.

यंत्राविषयी सांगायचे तर रात्री आकडा सुरेख दिसतो, भर दुपारी मात्र तो शोधावा लागतो. ओबीडीची पिन सॉकेटमध्ये तशीच ठेवून गाडी बरेच दिवस उभी करू नये, कारण थोडी वीज खेचली जातच राहते.

खरी तक्रार माहितीपुस्तिकेविषयी आहे. ओबीडी पद्धतीत वेगासाठी टक्क्यांची एक सेटिंग मिळते आणि ती वाढवून आकडा डॅशबोर्डशी जुळवून घ्यावा, असे पुस्तिकेत छापले आहे. आमच्या यंत्रात ती मुळातच 107 वर होती. जो आकडा डॅशबोर्डपेक्षा अचूक मिळावा म्हणून वेगळे यंत्र घ्यायचे, तोच पुन्हा डॅशबोर्डसारखा फुगवायचा, हे विचित्र आहे. मी ती 100 वर आणून ठेवली आहे. शहरात ओबीडी आणि सेतूवर जीपीएस वापरतो, तर वेगमर्यादेसाठी डॅशबोर्डकडेच पाहतो, कारण रडारच्या कॅमेऱ्याला गाडीचा प्रत्यक्ष वेग कळतो आणि डॅशबोर्ड त्याच्या नेहमी वरच्याच बाजूला असतो.