फरशी नवी झाली, ओल तिथेच राहिली: सांगलीत आमची झालेली फसवणूक

पाणी नक्की कुठून मुरतंय हे न शोधता जो कॉन्ट्रॅक्टर पहिल्याच भेटीत "सगळी फरशी काढावी लागणार" म्हणतो, त्याला कृपा करून एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. माझ्या आई-बाबांचे 1 लाख 30 हजार रुपये असेच गेले, आणि ज्या ओलीपायी गेले ती ओल काम झाल्यावरही जागची हलली नाही. सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण फरशीच्या कामातली लबाडी त्याच फरशीखाली झाकली जाते. ती उघडी पडेपर्यंत पैसे घेणारा फोन उचलायचं बंद करतो.

आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा घरात पाणी होतं, 2021 च्या जुलैत पुन्हा आलं. तेव्हापासून भिंतींना खालच्या बाजूला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे निघतात. नदीकाठच्या कुठल्याही घरात हे दिसेल. पण गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीवर जो डाग उठला तो वेगळा होता. जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर, ताटाएवढा, आणि ऐन थंडीत, पाऊस नसताना. पुराची ओल खालून वर चढते, अधांतरी उगवत नाही. कुठल्याही जाणत्या माणसाला एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आलेला. कपडे नीटनेटके, बोलणं आर्जवी, हातात ओल मोजायचं छोटं यंत्र. त्याने ते भिंतीला टेकवलं, पीं-पीं आवाज झाला, लाल दिवा लागला. मग रबरी हातोडीने फरशीवर ठोकत गेला. "ऐकताय न्हवं काकू, कसं बद्द वाजतंय? पुराचं पाणी खाली बसलंय. वरनं कितीबी रंग मारा, ही ओल जायची न्हाई. आता न्हाई केलं तर पुढच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंतच बसंल." आईने दोन पुरांत घर धुऊन काढलेलं आहे. भिंत बसेल म्हटल्यावर तिच्या पोटात गोळा आला. ह्या भीतीवरच त्याचा सगळा धंदा उभा आहे.

त्या दोन तपासण्यांचं खरं काय ते सांगते. ते यंत्र भिंतीत ओल आहे एवढंच सांगतं, ती कुठून आली हे सांगत नाही. शिवाय पुरात भिजलेल्या भिंतीत क्षार साठलेले असतात, आणि क्षारांमुळेही त्याचा आकडा फुगतो. म्हणजे सांगलीच्या पूरपट्ट्यात जवळजवळ कुठल्याही घराच्या भिंतीला ते टेकवा, दिवा लाल होण्याची शक्यता मोठी. फरशी पोकळ वाजण्याचंही तसंच. जुन्या पद्धतीने वाळू-सिमेंटवर बसवलेल्या फरशीत दहा-वीस वर्षांनी काही जागा पोकळ वाजतातच. पोकळ वाजणं म्हणजे गळणं नव्हे.

गळती कुठून आहे हे शोधायला यंत्र लागतच नाही. ओल अंघोळीनंतर वाढते की दिवसभर सारखीच राहते, हे पहिलं बघायचं. अंघोळीनंतर वाढत असेल तर संशय जमिनीवर, टाइल्सच्या सांध्यांवर आणि नहाणी ट्रॅपवर (पाणी वाहून जायच्या जाळीखालचं भांडं). वापर असो-नसो, सारखीच राहत असेल तर भिंतीतल्या नळाच्या पाइपवर, कारण त्यात पाणी चोवीस तास भरलेलं असतं. जमिनीची खात्री करायला नहाणीचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दीड-दोन इंच पाणी कोंडायचं, कडेला पेन्सिलीने खूण करायची आणि 24 तास थांबायचं. पाइपची खात्री करायला प्लंबर सगळ्या नळांच्या जागी डमी (तोंड बंद करायची बुचं) लावून हातपंपाने दाब देतो. काटा खाली यायला लागला की पाइप फुटलेला आहे. ह्यातलं काहीही त्या माणसाने केलं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा "त्यात टाइम घालवायला नको काका" म्हणाला.

अंदाजपत्रक 1 लाख 60 हजारांचं दिलं. बाथरूमची जमीन, सात फुटांपर्यंत डॅडो (भिंतीवरच्या टाइल्स), स्वयंपाकघराची जमीन आणि ओट्यामागचा डॅडो. त्यात जुनी फरशी काढणं, राडारोडा उचलणं, दोन हात वॉटरप्रूफिंग, नवा नहाणी ट्रॅप, विट्रिफाइड टाइल्स, टाइल ॲडहेसिव्ह, इपॉक्सी ग्राउट (टाइल्समधले सांधे भरायचा मसाला) असं सगळं छापील लेटरहेडवर, खाली "दहा वर्षे वॉरंटी" आणि सही. जीएसटी नंबर नाही, पत्ता फक्त "सांगली". निम्मे पैसे सुरुवातीला रोख.

जुनी फरशी निघाल्यावर त्याने आई-बाबांना सांगितलं की वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा वास वयस्कर माणसांना सोसत नाही, दोन दिवस मुलीकडे जाऊन राहा. दोघे माझ्याकडे मिरजेला आले. परत गेले तेव्हा बाथरूमची जमीन नव्या टाइल्सनी झाकलेली होती. नेमकं बघण्यासारखं जे होतं ते त्या दोन दिवसांत उरकलं होतं, खरं तर टाळलं होतं. घरात आपापसांत सगळे म्हणत होते, काम काय झपाट्याने केलंय! पण वॉटरप्रूफिंगचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा मारता येत नाही, दोन्ही हात पुरते वाळल्यावर पाणी कोंडून चाचणी घ्यायची, ती पास झाल्यावर फरशी. हे दोन दिवसांत बसतच नाही.

डॅडो पूर्ण झाल्यावर आणखी 50 हजार घेतले. उरलेले 30 हजार "फिनिशिंग झाल्यावर द्या" म्हणाला, तेव्हा बाबांना तो सज्जनच वाटला. मग एक मुलगा पाठवून सांधे भरून घेतले आणि तो पुन्हा आला नाही. 1 लाख 30 हजारांतच त्याचं काम झालेलं होतं.

भिंतीवरचा डाग नव्या रंगातून महिन्याभरात वर आला, तोही आधीच्याच जागी. स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या दोन टाइल्स उन्हाळ्यात एकमेकींना रेटून तंबूसारख्या उचलल्या. फोनवर आधी "माणूस पाठवतो", मग "साईटवर आहे", मग काहीच नाही. शेवटी मिरजेतल्या एका वयस्कर मिस्त्रींना घेऊन आले.

त्यांनी उचललेल्या टाइलखाली पटाशी सरकवली तर ती हातात आली. उलटी करून माझ्यासमोर धरली. पाठ कोरी होती. कारखान्यातल्या साच्याच्या चौकटी आणि त्यातली बाणाची खूणसुद्धा स्वच्छ दिसत होती. चार कोपऱ्यांच्या जागी आणि मध्ये एक अशा सिमेंटच्या पाच ढेकळांच्या वर्तुळाकार खुणा, बाकी सगळी पोकळी. "ह्याला आम्ही लाडू लावणं म्हणतो," मिस्त्री म्हणाले, "पोरी, ह्यात ॲडहेसिव्हचा वासबी न्हाई." विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जुन्या फरशीला सिमेंट धरतं ते तिच्या छिद्रांत शिरून. इथे शिरायला जागाच नसते, म्हणून तर ॲडहेसिव्ह लागतं, आणि तेही दातेरी थापीने ओढून, पाठ पूर्ण भरेल असं. बाथरूमसारख्या ओल्या जागी टाइल काढून बघितली तर निदान 95 टक्के पाठ भरलेली दिसली पाहिजे.

मग बाथरूममधली एक टाइल उघडली. खाली वॉटरप्रूफिंगचा थर नव्हता, जुना कोबा तसाच होता. नहाणी ट्रॅप जुनाच, वर फक्त स्टीलची नवी जाळी. सांध्यांवर मिस्त्रींनी पाण्याचे थेंब टाकले आणि बघता बघता सांधे गडद झाले. इपॉक्सी पाणी शोषत नाही. आमच्याकडे रंग मिसळलेलं पांढरं सिमेंट भरून इपॉक्सीचे पैसे लावले होते. खरं इपॉक्सी ओळखणं सोपं आहे: त्याचे रेझिन, हार्डनर आणि पावडर वेगवेगळे येतात आणि कालवताना पाणी लागत नाही. कामगार बादलीत पावडर आणि पाणी कालवताना दिसला तर ते इपॉक्सी नाही.

ह्यानंतर बिल काढून हिशेब मांडला, तेव्हा मोजमापातली चोरीही दिसली. बाथरूम 6 बाय 5, म्हणजे चारही भिंती मिळून 22 फूट, सात फूट उंचीने 154 चौरस फूट. त्याने तेवढेच लावले. दरवाज्याचे साडेसतरा आणि खिडकीचे तीन वजा केलेच नाहीत. खरं माप 133.5. वर मजुरीलाही 15 टक्के "वेस्टेज" लावलं. वेस्टेज मालाला धरतात, साधारण 5 ते 10 टक्के, मजुरीला कसलं वेस्टेज? 12 बाय 18 इंची टाइलच्या सहा नगांच्या बॉक्समध्ये सुमारे 8.7 चौरस फूट बसतात, म्हणजे 10 टक्के जास्त धरूनही 17 बॉक्स पुरतात. बिलात 24. उरलेले सीलबंद बॉक्स तो "दुसऱ्या साईटला लागतायत" म्हणून टेम्पोतून घेऊन गेला होता. सीलबंद बॉक्स बरेच दुकानदार परत घेतात, त्याचे पैसे कुणाच्या खिशात गेले हे सांगायला नको. ॲडहेसिव्हचंही तेच. सगळं काम मिळून साधारण 264 चौरस फूट. तीन मिलिमीटर थराला 20 किलोची गोणी 45 ते 50 चौरस फूट जाते, म्हणजे सहा गोण्या. बिलात 14 होत्या. दाराशी ओळीने रचून ठेवलेल्या त्या गोण्या आईला आठवतात. तशाच रचलेल्या त्या परत गेल्या.

म्हणून माल स्वतः दुकानातून, स्वतःच्या नावाच्या पक्क्या बिलावर घ्या. टाइल्सवर 18 टक्के जीएसटी लागतो म्हणून "कच्च्या बिलात स्वस्त देतो" असं सांगतील, पण तक्रार करायची वेळ आली तर तेच बिल पुरावा असतं. बॉक्सवर साइज, ग्रेड, शेड आणि बॅच छापलेले असतात. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना हे उतरवून घेतानाच बघा, आणि एक बॉक्स घरात जपून ठेवा, कारण पुढे दोन टाइल्स बदलायच्या झाल्या तर तो शेड बाजारात मिळेलच असं नाही. ॲडहेसिव्हच्या गोणीवर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप छापलेला असतो. विट्रिफाइडसाठी कुठला टाइप हवा ते दुकानदाराला विचारा. रिकाम्या गोण्या घरातच ठेवायला लावा आणि काम संपल्यावर मोजा. ह्या एकाच गोष्टीला आमचा कॉन्ट्रॅक्टर नक्की कचरला असता.

आणि पैसे टप्प्याने द्या. वॉटरप्रूफिंग उघडं असताना स्वतः बघून फोटो काढल्याशिवाय आणि पाणी कोंडून चाचणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. पहिल्या दिवशी बसवलेल्या टाइल्सपैकी एक ओली असतानाच उचलून पाठ दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री ह्याला नाही म्हणत नाही. आमच्या मिस्त्रींनी न सांगता दाखवली.

मूळ गळती निघाली ती गिझरकडून मिक्सरला जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपच्या एका एल्बोत (वळणावरच्या सांध्यात), भिंतीत, बरोबर त्या डागामागे. प्लंबरने चार टाइल्स काढून सांधा बदलला. त्याचे सामानासकट 3,500 रुपये झाले. भिंत हळूहळू वाळली. पण जुनी फरशी तर गेलीच होती, आणि नवीही पुन्हा करून घ्यावी लागणार आहे. आई अजून त्या बाथरूममध्ये जपून पाय टाकते, टाइल हलते की काय ह्या धास्तीने. पैशांपेक्षा मला ह्याचा जास्त राग आहे.

आम्ही वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा ह्या मुद्द्यांवर ऑनलाइन तक्रार केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि वकील न घेताही तक्रार मांडता येते. काही अडलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. लेटरहेड, पैसे दिल्याच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, उघडलेल्या टाइल्सचे तारखेसह फोटो आणि एका सिव्हिल इंजिनिअरचा पाहणी अहवाल जोडला आहे. उघडलेल्या टाइल्स टाकून न देता पोत्यात भरून ठेवल्या आहेत, तुम्हीही तसंच करा. मिस्त्री म्हणाले म्हणून घाईने सगळं उखडून दुरुस्त करू नका; आधी इंजिनिअरला दाखवून अहवाल घ्या, नाहीतर पुरावाच राहत नाही. आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पुरानंतर किंवा नंतरच्या वर्षांत ज्यांनी अशी कामं करून घेतली, त्यांनी आपल्या कागदांवरच्या तारखा लगेच बघाव्यात.