शेकरू कापून पारखलेली स्क्रोल सॉ
लाकडातून प्राण्यांच्या आकृती कापण्याचा छंद असणाऱ्यांनी ही १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक उभ्या पात्याने वळणदार आकार कापणारी विजेची करवत, जरूर विचारात घ्यावी. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणलेल्या पाऊण इंची शिवणीच्या फळीवर मी शेकरू कापले, तेव्हा झुपकेदार शेपटीच्या वळणांवर वेग कमी करून फळी सावकाश फिरवली असता पाते कुठेही भरकटले नाही आणि कडा इतक्या स्वच्छ निघाल्या की पॉलिश पेपर जेमतेम फिरवावा लागला. डोळ्यासाठी आधी बारीक भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते. टोकांना आडवी पिन असलेले पाते त्या भोकातून जात नाही, म्हणून बिनपिनेची पाच इंची पाती बसतात ही मोठीच सोय आहे. भुसा उडवणारी हवेची नळी मात्र फारच दुबळी असून आखलेली रेघ वारंवार झाकली जाते.