स्पीकरची घूंऽऽ: सगळं एका बोर्डावर, की आयसोलेटर?

नौपाड्यातल्या आमच्या घरात अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीला, टीव्ही समोरच्या. आवाज शून्यावर आणला तरी स्पीकरमधून घूंऽऽ चालूच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५० किंवा १०० हर्ट्झवर ऐकू येते. दोन उपकरणांचं अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झालं की त्यांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या आतल्या धातूच्या जाळीतून थोडा करंट फिरतो, तोच हा आवाज.

आधी फुकटचा उपाय: दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. घरघर बरीच उतरली. पण खोलीभर वायर लोळायला लागली आणि बाईंचा झाडू रोज तिच्यात अडकायला लागला. शिवाय केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समध्ये खोचली की आवाज पुन्हा हजर! ती बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन येते, तिथे बोर्ड काय करणार?

दुसरा उपाय आयसोलेटर: ऑडिओ केबलच्या मध्ये जोडायची काडेपेटीएवढी डबी, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याचा सलग रस्ता तुटतो. आमच्याकडे घरघर साफ गेली. मात्र स्वस्तातली डबी खालचे सूर खाते. तबल्याचा डग्गा पोकळ वाटायला लागला. मग जुनी गाणी ऐकताना मी ती काढूनच ठेवतो.

टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आणि अ‍ॅम्प्लिफायरला तसाच इनपुट असेल तर दोन्ही उपाय सोडा, ती केबल घ्या. त्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश.

आणि कोणी 'प्लगची अर्थची पिन काढून टाका' म्हटलं, तर अजिबात ऐकू नका. घरघर जाईल, पण शॉक बसायची सोय होईल.