ॲक्वापोनिक्सचा वाफा: गांडुळांसह की गांडुळांविना?

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवणं; इथला वाफा म्हणजे ते पाणी ज्यातून फिरतं तो खडीचा वाफा. गांडुळं नसलेला वाफाही चालतो. माशांनी पाण्यात सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट, म्हणजे झाडांचं अन्न, जिवाणूच करतात, गांडुळं नाहीत. पण विष्ठेचा गाळ खडीत साचत जातो. मूठभर खडी उकरली की काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे ऑक्सिजन संपलाय असं समजा. मग सगळी खडी उपसून धुणं आलं, आणि त्यात जिवाणूही वाहून जातात.

लाल गांडुळं सोडली की तोच गाळ आणि मेलेली मुळं ती खातात. त्यातली अन्नद्रव्यं झाडांना मिळतात. बुडतील ही भीती नको. ती त्वचेने श्वास घेतात, त्यामुळे भरणाऱ्या-ओसरणाऱ्या प्राणवायुयुक्त पाण्यात मजेत राहतात. सोडण्याआधी मात्र धुवून घ्या, नाहीतर अंगाची माती टाकीत उतरते. एखादं वाहत खाली गेलंच तर मासे टिपतात.

मासे फारच जास्त असतील तर गांडुळंही पुरी पडत नाहीत; वेगळी गाळणी लागतेच. तरंगत्या तराफ्यांवर झाडं लावण्याच्या पद्धतीत तर खडीच नसते, तिथे त्यांचं काम नाही. साधारण 30 सेंमी खोल खडीच्या वाफ्यात मी गांडुळांशिवाय सुरुवातच करणार नाही.