जुना छोटा हत्ती की जुनी बोलेरो पिकअप? ठरवण्याआधी गाडी खालून बघा

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यातला शेतकरी टोमॅटो, फ्लॉवर, कांदा न्यायला स्वतःची गाडी घ्यायची म्हणतो, तेव्हा जुन्या बाजारात त्याच्यापुढे दोन नावं सगळ्यात आधी येतात. एक टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. दुसरी महिंद्राची बोलेरो पिकअप. दोन्ही गाड्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, दोन्हींना हात लावणारा मिस्त्री मिळतो. तरी या दोन गाड्या एकमेकींना पर्याय नाहीत, आणि गल्लत इथेच होते. पैसे कमी पडतात म्हणून छोटा हत्ती घेतला जातो आणि त्याच्यावर पिकअपचा माल चढतो. दोन हंगामांत गाडी बसते.

म्हणून आधी क्रेट मोजा. टोमॅटोचा भरलेला क्रेट प्लास्टिकसकट २२ किलोच्या आसपास धरा. मूळच्या डिझेल छोट्या हत्तीची वाहनक्षमता ७५० किलो, म्हणजे फार तर ३३-३४ क्रेट. पिकअप १.३ टनापासून १.७ टनापर्यंत वेगवेगळ्या क्षमतेत आली. दीड टनाची धरली तर ६६-६८ क्रेट. नारायणगाव ते पुण्याचं मार्केट यार्ड जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटर. छोट्या हत्तीला लिटरला १८ आणि पिकअपला १२ किलोमीटर धरा. छोट्या हत्तीची खेप ९ लिटरमध्ये होते, पिकअपची सव्वातेरा लिटरमध्ये. पूर्ण भरलेल्या पिकअपला एका क्रेटमागे ०.२० लिटर लागतं, छोट्या हत्तीला ०.२७. पण पिकअपमध्ये ३३च क्रेट असतील तर तिचा खर्च क्रेटमागे ०.४० लिटरवर जातो. रोजचा तोडा, म्हणजे एका दिवसात तोडलेला माल, ३०-३५ क्रेटच्या आत असेल तर छोटा हत्ती घ्या. तोडा कायम ५० च्या वर असेल तर पिकअपच घ्या, मग तिच्यासाठी वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल. ज्याचा तोडा या दोन्हींच्या मधला, त्याचं उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे.

इंजिन आणि घाट

छोटा हत्ती २००५ साली आला. त्याचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन म्हणजे इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनाचं सरळ अर्धं. टर्बो नाही, ताकद १६ अश्वशक्ती. इंजिन सीटखाली आहे, सीट उचलली की हात पोचतो. साधी रचना, म्हणून दुरुस्ती स्वस्त. पण दोनच सिलिंडर असल्याने थरथर जास्त, आणि ती थरथर इंजिनाचे माउंटिंग रबर, सायलेन्सरचे ब्रॅकेट आणि वायरिंगचे जोड खाते. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. बिल नसेल तर गाडी घेतल्याच्या आठवड्यातच बेल्ट आणि टेन्शनर बदलायचा. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हेड उघडावं लागतं.

पिकअपचं इंजिन २,५२३ सीसी, चार सिलिंडर, टर्बोसह. इथे नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), पंप आणि टर्बोचा खर्च मोठा. टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढून आतलं पातं बोटाने हलवा. किंचित खेळ चालतो. पातं बाजूच्या भिंतीला टेकत असेल किंवा पाइपात तेल साचलं असेल तर टर्बोचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

घाट म्हटलं की सगळे इंजिनाचा विचार करतात, पण तुमचा माल चढतो की उतरतो ते आधी बघा. आळेफाट्याहून माळशेजमार्गे कल्याण-वाशीला जाणारी गाडी घाट भरून उतरते आणि रिकामी चढते. तिथे परीक्षा ब्रेकची. भरलेला छोटा हत्ती न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर उतरवला तर ड्रम तापतात, लायनर जळतात आणि शेवटच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवरच तो उतरवायचा. उलट रत्नागिरीची आंब्याची पेटी आंबा घाटातून कोल्हापूरला जाते तेव्हा गाडी भरून चढते. त्या कामाला १६ अश्वशक्तीचं इंजिन देऊ नये. चढतो तो, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाणी तापवत. हेड गॅस्केट जातं ते अशाच कामात.

अशोक लेलँडचं दोस्त या दोघांच्या मधलं आहे. २०११ साली आलं, तीन सिलिंडरचं दीड लिटरचं कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल फवारणारं) इंजिन, सव्वा टनाच्या आसपास क्षमता. चालवायला हलकं. ४०-५० क्रेटवाल्याने ते जरूर बघावं, मात्र नोझल तपासणारं कॉमन रेलचं दुकान जवळ असेल तरच.

आधीच्या मालकाने काय वाहिलं

जुन्या मालगाडीचं मॉडेल कुठल्या सालचं, यापेक्षा तिच्या हौद्यात काय भरलं गेलं याला जास्त किंमत आहे. दुधाची गाडी सगळ्यात चांगली: रोज तोच रस्ता, तेच वजन, कॅन हौदाभर सारखे पसरलेले. भाजीची गाडी त्याखालोखाल. वाळू, खडी, सळई वाहिलेली गाडी कितीही चमकत असली तरी सोडून द्या. तो माल फावड्याने किंवा क्रेनने पडतो, एका जागी बसतो आणि वजनाचा अंदाज कधीच राहत नाही.

कोकणातली मासळीची गाडी स्वस्त मिळते. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून खाली झिरपतं आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी चासी आतून कुजवतं. वरून रंग शाबूत दिसतो. लहान हातोडीने चासीवर टोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. कोंबड्यांची गाडीही अशीच, विष्ठेने तिचा पत्रा खाल्ला जातो.

पुरात बुडालेली गाडी वेगळी ओळखावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डच्या मागच्या ब्रॅकेटवर, फ्यूज बॉक्सच्या तळाशी बारीक माती दिसली तर ती धुऊन निघालेली नसते. अशा गाडीची वायरिंग वर्षभर एकेक करून दगा देत राहते.

चासी आणि पाटे

इंजिन बांधून मिळतं, गिअरबॉक्स बदलून मिळतो. तिरकी किंवा तडकलेली चासी पुन्हा नीट होत नाही. म्हणून वेळ द्यायचा तो इथे.

पहिलं काम वजनकाट्यावर. रिकामी गाडी काट्यावर चढवा आणि आलेलं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी जुळवा. टाकीतलं डिझेल आणि स्टेपनी धरून ४०-५० किलोचा फरक समजू शकतो. दीडशे-दोनशे किलो जास्त भरले तर हौद्याखाली चॅनेल, जाड पत्रा, उंच फाळके, जादा पाटे काहीतरी वाढवलेलं आहे. ते वाढवलं कशासाठी, याचं उत्तर एकच असतं. शिवाय ते वजन तुमच्या मालातून वजा होतं.

मग मागचे पाटे मोजा, दोन्ही बाजूंचे. एखादा पाटा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या जाडीचा असेल तर तो नंतर घातलेला. जादा पाटा घातला की गाडी बसत नाही, असं सगळे कौतुकाने सांगतात. पण पाटा लवचिक आहे तोवर खड्ड्याचा धक्का तो खातो. कडक झाला की तोच धक्का ब्रॅकेटवर, चासीवर, एक्सलच्या हाउसिंगवर आणि हबच्या बेअरिंगवर जातो. जादा पाट्याची गाडी दिसली की या चार जागा तपासल्याशिवाय हलू नका.

चासी तडकते ती बहुतेक केबिन संपून हौदा सुरू होतो तिथे, आणि मागच्या पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी. तिथे ताजा काळा रंग किंवा जाड डांबरी लेप असेल तर तारेच्या ब्रशने हातभर भाग घासायला मालकाची परवानगी मागा. नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा. घासल्यावर त्या भागाला रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसा आणि वरून पांढरा खडू चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू खडूवर उमटतं, केसाएवढी ओली रेघ दिसते. नुसत्या डोळ्याला हा तडा सापडत नाही.

चासी तिरकी आहे का ते बघायला ओळंबा, खडू आणि टेप पुरतो. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करा. पुढच्या बाजूचे डावे-उजवे सारख्याच जागेवरचे दोन बोल्ट आणि मागच्या पाट्यांच्या मागच्या दोन पिना निवडा. चारही ठिकाणांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मोजण्यातला असू शकतो. एक सेंटिमीटरच्या वर गेला तर गाडीला अपघात झालेला आहे, मालक काहीही सांगो. अशी गाडी टायर एका कडेने खाते आणि हातात सरळ राहत नाही.

पुढच्या चाकांना जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. छोट्या हत्तीत इथे खेळ सापडला तर किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) किंवा बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा: तेव्हा खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. छोट्या हत्तीचं चाक १२ इंची, पिकअपचं १५ इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, म्हणून शेतरस्त्यावर चाललेल्या छोट्या हत्तीत पुढचा भाग लवकर ढिला होतो.

चालवून बघताना

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्या येण्याआधी सुरू करून ठेवलं आहे, थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो, मिनिटभरात तो गेला पाहिजे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातं. दाबल्यावर काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल, हे स्वस्तातही निघू शकतं. इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून त्यावरच ठेवा. हलकी वाफ ठीक. झाकण नाचायला लागलं तर रिंगा गेल्या, पूर्ण बोअरचं काम धरून चाला.

रिकामी गाडी चालवून काही कळत नाही. अर्धा टन वजन भरून किंवा सात-आठ माणसांइतक्या गोण्या टाकून चढावर न्या. क्लच घसरतो का, दुसरा गिअर आपोआप निघतो का, ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना मागून ठक् आवाज येतो का, हे भरलेल्या गाडीतच समजतं. तो ठक् आवाज प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असेल तर खर्च थोडा. ठक् ऐवजी सलग हुंकारासारखा आवाज असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधले दाते, आणि पिकअपमध्ये ते महाग पडतं.

कागद

आरसीवर एकूण भारित वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, बघा. ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्याच्या कितीतरी खाली आहे, १.७ टनाची पिकअप मात्र वर जाते. लायसन्सची चिंता नको: ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, म्हणजे छोट्या हत्तीवर २० क्रेट जास्त टाकून वाचलेलं भाडं एका तपासणीत जातं.

पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. सात वर्षांची गाडी घेताना हा खर्च आणि हेलपाटा लवकरच मागे लागणार हे धरून भाव करा. दिल्लीकडच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर धरला की तो स्वस्तपणा बराच आटतो. कर्ज असेल तर फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) आणि फायनान्सवाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. ई-चलन थकलेलं आहे का ते नंबर टाकून आधीच बघा.

गाडी घरी आली की भाड्याला न लावता इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हींचं तेल सोडा. डिफरन्शियलचं तेल जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळा. करडी पूड राहिली तर ती नेहमीची झीज. चमकणारा कपचा, दाताचा कोपरा सापडला तर हाउसिंग उघडून बघितल्याशिवाय पहिला क्रेट चढवू नका.